डॉक्टरांनी वाचलेलं पत्र

पोर्तुगालातल्या आमच्या पोर्तू शहरात दोन दिवसांसाठी येणाऱ्या माणसांचा मला राग आहे, आणि तरी माझं पोट त्यांच्याच चादरींवर चालतं. ग्रासिंदाच्या घरासमोर माझी इस्त्रीची खोली. तिच्या पाहुण्यांच्या चादरी मी अठरा वर्षं धुतल्या, म्हणून तिची हकीकत मीच सांगितलेली बरी.

नवरा गेल्यावर त्या अरुंद, तीन मजली भाड्याच्या घरात ती एकटी पडली आणि तिनं वरच्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली. शुक्रवारी यायचे, रविवारी जायचे. आल्या आल्या ती त्यांना हिरव्या पाल्याचं गरम सूप द्यायची आणि हात पुढे करायची, "आणा ती यादी."

यादी प्रत्येकाकडे असतेच.

"दोन दिवसांत चौदा ठिकाणं? सहलीला आलात की गस्तीला?" असं म्हणत ती पेन्सिलीनं अकरा नावं खोडायची. उरलेल्या तीन ठिकाणांसाठी तिचे नियम होते. नदीकडे उतरायचं पायी, चढायचं बसनं. जेवायचं दोन्ही दिवस एकाच खाणावळीत, कारण दुसऱ्या दिवशी वाढणारा ओळखतो, आणि कुणी ओळखलं की गाव परकं वाटत नाही. रविवारची सकाळ मोकळी ठेवायची. लोक कुरकुरायचे आणि जाताना तिच्या गळ्यात पडायचे.

डॉक्टर वाश्कू आणि त्यांची बायको लियोनोर नऊ वर्षं लिस्बनहून येत होते. दर नोव्हेंबरात, भाजलेले चेस्टनट आणि नवी वाइन असते त्या सणाला. डॉक्टर म्हणजे खरं तर वकील. आमच्याकडे पदवी घेतलेला कुणीही डॉक्टरच, आणि डॉक्टर बोलला की आमची माणसं आपली अक्कल खुंटीला टांगून ठेवतात. मी त्यांना तोंडावर लिस्बनचे पालेखाऊ म्हणायचे, ते मला पोर्तूची आतडीखाऊ; दोन्ही शहरांची एकमेकांना चिडवायची ही जुनी नावं. ग्रासिंदानं त्यांच्यापासून काही म्हणजे काही लपवलं नाही. मालक थकलाय, घर विकणार आहे, तेव्हा आपणच ते घ्यायचं, लक्झेंबर्गची लेक कर्ज काढायला तयार आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

गेल्या नोव्हेंबरात मालकाचं रजिस्टर पत्र आलं. ते घेऊन ती माझ्याकडे आली.

"हर्मीनिया, घर विकायला काढलंय वाटतं."

"मग चल आत्ताच वॉर्डाच्या कचेरीत. तिथली बाई कागद समजावून देते."

"शनिवारी सणाला डॉक्टर येतायत ना. घरचा माणूस असताना परक्याकडे कशाला जायचं?"

"अगं, आज मंगळवार आहे."

"मग? चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

शनिवारी डॉक्टरांनी पत्र वाचलं तेव्हा मी चादरी घेऊन तिथेच उभी होते. "काही नाही हो, नेहमीचा सोपस्कार आहे," ते म्हणाले. "उत्तर द्यायची गरज नाही. उलट दिलंत तर भाडं वाढवायला त्याला निमित्तच मिळेल." ग्रासिंदानं पत्र खणात टाकलं आणि त्यांना बदकाचा भात वाढला. मीही काही बोलले नाही. डॉक्टरच म्हणाले म्हटल्यावर मी कोण बोलणार?

जानेवारीत दोन माणसं टेप घेऊन भिंती मोजायला आली. तेव्हा मी खणातलं ते पत्र स्वतः वाचलं. घर एका कंपनीला विकायचं ठरलंय, पण घेण्याचा पहिला हक्क भाडेकरणीचा, तीस दिवसांत कळवावं. तीस दिवस कधीच उलटून गेले होते. भाड्याचा करार जूनमध्ये संपत होता, पुढे वाढवून मिळणार नव्हता. आणि कंपनी डॉक्टर वाश्कूंची निघाली. त्यांचा मला आजही संताप येतो, आणि खरं सांगते, थोडा माझाही येतो.

फेब्रुवारीत डॉक्टर आणि लियोनोर केक घेऊन आले. मी चादरींचं निमित्त काढून आत गेले आणि तिथून हलले नाही.

"तुम्ही कुठेही जायचं नाही हं, ग्रासिंदाबाई," लियोनोर म्हणाली. "लोक तर तुमच्यासाठीच येतात. खालची छोटी खोली तुमची. वर आम्ही छान चार खोल्या काढतोय."

"लाज नाही वाटत?" मी ओरडले. "नऊ वर्षं जिच्या हातचं गिळलंत तिलाच मोलकरीण करताय?"

ग्रासिंदानं माझ्या दंडाला धरून मला गप्प केलं.

"डॉक्टर, तुम्ही ते पत्र वाचलंत तेव्हा तुमचं ठरलं होतं?"

उत्तर लियोनोरनं दिलं, "सप्टेंबरातच ठरलं होतं. या घराचा आम्हाला लळा लागला होता हो. तुम्हीच लावलात."



"मला ते पत्र समजलं होतं," ग्रासिंदा म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी तीनदा वाचलं होतं मी. तीस दिवस, पहिला हक्क, सगळं कळलं होतं. तुम्ही 'काही नाही' म्हणालात, तेव्हा मला वाटलं, माझंच चुकलं असणार. घर घेतलंत, ते एक वेळ जाऊ दे. पण आता मी बसवरचा नंबर वाचला तरी शेजारच्या बाईला विचारते, बरोबर वाचला ना मी?"