लसीतला की रस्त्यावरचा

"मीच त्याला लस टोचायला नेलं. नसतं नेलं, तर आज असता," बाकावरच्या काकू नवऱ्याला म्हणाल्या.

"आता मिनीला मुळीच न्यायचं नाही. बास झालं," काका म्हणाले.

मिनी म्हणजे घरी उरलेलं कुत्र्याचं दुसरं पिल्लू. प्रयोगशाळेच्या अर्धवट उघड्या दारामागे मी त्यांच्या गेलेल्या शेरूचा रिपोर्ट छापत होते. काकू साडीला चिकटलेले त्याचे केस काढत होत्या आणि खाली न टाकता रुमालात ठेवत होत्या.

शेरू पार्व्होने गेला होता, कुत्र्याच्या पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराने. पार्व्होच्या लसीतही त्या आजाराचाच विषाणू असतो, फक्त दुबळा केलेला. साध्या चाचणीला दोघांतला फरक कळेलच असं नाही, म्हणून आम्ही त्याची जनुकं वाचतो. पडद्यावर दोघं जवळजवळ सारखेच दिसतात. थोड्याशा अक्षरांचा काय तो फरक. शेरूच्या नमुन्यातला विषाणू रस्त्यावरचा होता. लसीचा गुण येण्याआधीच त्याने शेरूला गाठलं होतं. काकूंचा दोष नव्हता. पण लस थोडी लवकर मिळाली असती तर, हेही त्यातच आलं. एखादी गोष्ट इतकी नेमकी कळावी, आणि ती ज्याच्या उपयोगाची तोच तोवर उरू नये, याची खंत या कामात नेहमीचीच.

मालकांशी डॉक्टर बोलतात, आम्ही फक्त कागद देतो. मी कागद दिला. काकूंनी तो न वाचताच त्याची घडी घातली.

"काकू," मी म्हणाले, "तो लसीने नाही गेला. आजार बाहेरूनच आला होता. मिनीला आजच घेऊन या."