कुठं निघालासा, मामा?

घाटाखाली सुकी मासळी आणायला मी पहिल्यांदा गेले ती सासूबरोबर, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. कुंभारवाड्याहून घाट उतरायचा, मग काळी नदीच्या काठानं समुद्रापर्यंत चालायचं. दोन दिवस लागायचे. डोक्यावर तांदूळ. खाली तांदूळ द्यायचे आणि पावसाळ्यापुरती मासळी घेऊन पुन्हा तेवढंच वर चढायचं. सासूचे गुडघे गेले होते. ही तिची शेवटची खेप. तिच्या ओळखीच्या खारविणीनं, म्हणजे मासळीवालीनं, मला पत्करावं म्हणून तिनं मला नेलं होतं. नाही पत्करलं तर पावसाचे चार महिने घरात नुसता भात आणि अळू.

समुद्राकाठचं ते गाव जुनं. टेकडीवर किल्ला होता. कुणी म्हणे राजाचा, कुणी म्हणे फिरंग्यांचा. मी वर बघितलंसुद्धा नाही. पायांना फोड आले होते आणि खाली वाळू तापलेली.

खारविणीच्या दारात टोपली उतरवत होते, तेवढ्यात तिचा नवरा खांद्यावर जाळं घेऊन बाहेर पडला. आमच्या रानात माणूस समोर आला की कुठं निघाला ते विचारतात. न विचारणारा उर्मट. म्हणून मी विचारलं, "कुठं निघालासा, मामा?"

तो थांबला. जाळं खाली टाकलं आणि आत जाऊन बसला.

खारवीण सासूवर धावून आली. "काय गो हे? दर्यावर निघालेल्याला कुठं म्हणून विचारतात?"

"आमच्यात विचारत्यात," सासू म्हणाली.

"तुमच्यात वाघाला पण विचारत असाल."

"विचारतो. त्यो सांगत न्हाई."

खारवीण हसली नाही. "आज काही मिळायचं नाही. उद्या होडी गेली आणि भरून आली, तर बघू."

मासळी केव्हाच सुकवून, बांधून ठेवलेली होती. तिचा उद्याच्या होडीशी काय संबंध, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण गरज आमची होती.

पहाटे मला मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसवलं. होडी पाण्यात गेल्यावरच उठू दिलं. दुपारी होडी परत आली. बरी भरली होती, फार नाही. खारविणीनं आमच्या टोपल्यांत मासळी घातली आणि सासूला विचारलं, "पुढच्या वर्षी?"

"हीच येईल. माझ्यानं न्हाई व्हत आता."

तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. "येऊ दे. पण घरातला माणूस निघून गेला की मगच अंगणात यायचं."

"व्हय," मी म्हणाले. दुसरं काही बोलायची सोय नव्हती.

घाटाच्या पहिल्या चढावर सासू बसली. तिनं आपल्या टोपलीतली निम्मी मासळी माझ्या टोपलीत घातली आणि उठली. पुढची कितीतरी वर्षं ती खेप मीच केली. खारविणीनं पत्करलं तेव्हा आनंद झाला का, असं नातसुना विचारतात. मला कसला आनंद? झाला असेल तर सासूला. तिला पुन्हा घाट उतरायचा नव्हता.