चौथी हाक

भुतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असता तर मी त्यांच्या गोष्टी लिहिल्याच नसत्या, भीतीनेच मेलो असतो. या ग्रुपवर माझ्या अकरा कथा आहेत. त्यातल्या चौघींत हडळ आहे, तिघींत चकवा, आणि एकीत भूत शेवटी स्वप्नातलं निघतं (त्यावर तुम्ही मला किती शिव्या घातल्या ते मी विसरलेलो नाही). पण आज लिहितोय ती कथा नाही.

मी राळेगावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. माझं गाव तिथून नऊ किलोमीटर. घरी मी आणि बायको, सुमन. मुलगी पिंकी यवतमाळला शिकते. दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्याच कॉम्प्युटरवर भुतं पाडतो. एकदा तर एका काकांच्या सातबाऱ्यासोबत चुकून हडळीचं तिसरं पान प्रिंट होऊन गेलं. ते बिचारे तलाठ्यापर्यंत घेऊन गेले होते.

शेजारी रफिकभाईचं गॅरेज. माझा पहिला वाचक, आणि सगळ्यात हरामखोर समीक्षक. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी त्याला नवी कथा वाचून दाखवली. तिच्यातला नायक मेणबत्ती लावतो, गोल आखतो आणि आत्मा हजर.

रफिकभाई हात पुसत म्हणाला, "भाऊ, तुमचं भूत लई फुकटात येते. माझ्या इथं गाडी बी दहा किका मारल्याबिगर चालू होत नाही. अन् हे मेणबत्ती कायले? लाईट गेली का?"

"मग काय करू?"

"इथलं काही टाका ना यार. आपल्या मातीतलं."

झोंबलं मला. दोन दिवस विचार केला आणि एक पद्धत शोधून काढली. शोधून म्हणजे चोरून. आमच्याकडे कापूस वेचायला सुरुवात करताना बाया सीतादही करतात. धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाजवळ, पाच ढेकळं मांडायची, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग वेचणीला हात लावायचा. मी ते सगळं उलटं केलं. वेचणी सुरू होताना नाही, तर संपल्यावर, उलंगवाडी झाली की. हळदकुंकू नाही. भात, पण दही नाही, मीठ नाही. त्या भाताकडे पाठ करून उभं राहायचं आणि तीनदा म्हणायचं, "जेवाले ये." नाव घ्यायचं नाही, कारण आपण कोणाला बोलावतोय हे आपल्यालाच माहीत नसतं... हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

रफिकभाईने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "हे बरं हाय. पण एक बार करून पाहा. रेकॉर्डिंग घेऊ. गोष्टीसंगं तेही टाकून द्या, लोकं पागल होतीन."

आणि मी गाढव, हो म्हणालो.

सुमनला काही सांगितलं नाही. फक्त बिनमिठाचा भात लाव म्हटलं.

"कायले?"

"बीपी."

"तुमाले कधी झाला बीपी?"

"आत्ताच, तू प्रश्न विचारले तेव्हा."

वावरात जेवतो म्हटल्यावर तिने डबा भरून दिला. भर दुपारी मी आणि रफिकभाई मोटारसायकलवर गावालगतच्या माझ्या शेतात गेलो. चार एकर कापसाची पऱ्हाटी वाळून उभी, बोंडं रिकामी. वारा अजिबात नाही. पाच ढेकळं मांडली, पळसाच्या पानावर भात ठेवला, फोन रेकॉर्डिंगवर लावून धुऱ्यावरच्या दगडावर ठेवला. मी पाठ करून उभा. रफिकभाई मोटरपंपाच्या खोलीजवळ, तोंडात रुमाल कोंबून हसत होता.

"जेवाले ये."

"जेवाले ये."

तिसऱ्यांदा मी जरा नाटकी आवाज लावला. "जेवाले ये..."

आणि पऱ्हाटीतून आवाज आला, "ओ!"

रफिकभाई पंपाच्या खोलीच्या मागे कधी पोचला मला दिसलंच नाही. मी पळालो नाही, हे शौर्य नव्हे, पाय हललेच नाहीत. पऱ्हाटी खडखडली आणि बाहेर आली... सुमन. हातात स्टीलचा गडवा.

"कोरडा भात कसा खान म्हणून दही घेऊन आली," ती म्हणाली. "काहून आवाज देल्ला एवढा?"

"मी कुठं दिला तुला?"

"अजी, नाव घेऊन बोलावलं ना. सुमन म्हणून."

रफिकभाई आता शेर होऊन बाहेर आला. "वा भाभी! भाऊ घरी नाव घेत नाही अन् वावरात घेते!"

आम्ही हसलो. खूप हसलो. मी तिला खरं सांगून टाकलं, तर कपाळावर हात मारत म्हणाली, "अन्न ठेवून असे चाळे करता? फेकान आता ते?" आणि खाली बसली, पानावरच्या भातात दही कालवलं आणि सगळा खाल्ला. मला रोखायचं सुचलं नाही. माझ्या कथेत तो भात कोणी खातच नाही, त्यामुळे खाल्ला तर काय होतं याचा मी विचारच केलेला नव्हता.

संध्याकाळी गॅरेजमध्ये रेकॉर्डिंग ऐकलं. एक हाक, दुसरी हाक, तिसरी नाटकी हाक. मग दोन क्षण काही नाही. आणि मग अगदी साधेपणाने, घरात बोलावं तसं — "सुमन." मग तिची "ओ".

"चौथी बार कधी बोलले तुम्ही?" रफिकभाईने विचारलं.

"मी तीनदाच बोललो."

"आवाज त तुमचाच हाय."

आवाज माझाच होता. पण लग्नाला बावीस वर्षं झाली, मी तिला नावाने हाक मारलेली नाही. आमच्याकडे तशी रीतच नाही. आधी "अवो" म्हणायचो, मुलगी झाल्यावर "पिंकीची माय". रफिकभाईने ती क्लिप तीनदा ऐकली, मग स्वतःच पुसून टाकली. मला विचारलंही नाही. म्हणून माझ्याकडे पुरावा नाही, आधीच सांगून ठेवतो.

पुढच्या आठवड्यात सुरू झालं. मी खाटेवर पेपर वाचत बसलेलो, सुमन चुलीशी. एकदम "ओ, आली!" म्हणून उठली आणि अंगणात गेली. परत आली.

"काय झालं?"

"तुमीच त बोलावलं."

"मी इथं बसलो आहे."

"हो का?" म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

मग रोजच. आधी अंगणापर्यंत जायची, मग फाटकापर्यंत, मग रस्त्यावरच्या लिंबापर्यंत. मार्चमध्ये एकदा नाल्याजवळ सापडली, हात पिठाचे तसेच. दर वेळी तिला कोणीतरी बोलावत होतं, माझ्या आवाजात. आणि दर वेळी हाक थोडी लांबून यायची. मला एवढंच दिसत होतं की एके दिवशी ती इतकी लांब जाईल की परत येणार नाही.

उलट माझी हाक तिला ऐकू येईनाशी झाली. मी दारातून ओरडलो तरी मान वळायची नाही, खांद्याला हात लावावा लागे. यवतमाळला कान तपासले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, नवऱ्याचं न ऐकण्यावर आमच्याकडे औषध नाही. मीही हसलो तिथे. बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो तेव्हा हसू कुठे गेलं कळलं नाही.

मला वाटलं, पद्धत माझी, तर तोडही मलाच सुचेल. पण बोलवायचं कसं एवढंच मी लिहिलं होतं. परत पाठवायचं कसं, हे माझ्या नायकाला लागलंच नाही. तो शेवटच्या परिच्छेदात मरतो, लेखकाचं काम सोपं होतं. मग बसलो लिहायला. भाकरीचा नैवेद्य लिहिला, सरळ मांडलेली ढेकळं लिहिली, दही-मीठ-हळदकुंकू सगळं परत आणलं आणि जे लिहिलं ते वावरात जाऊन केलं. सात प्रकार केले. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर लावून पऱ्हाटीही मोडून टाकली. काहीच झालं नाही. खोट्यातून आलेलं खोट्यानेच जाईल हा माझा हिशेब होता... असो. माझे सगळेच हिशेब असे असतात.

शेवटी तिच्याजवळ बसलो. हात धरून, म्हणजे तिला ऐकू येईल.

"हे पाहा, मी तुला नावाने कधीच बोलावत नाही. नावाने हाक आली तर समज, तो मी नाही. ओ देऊ नको."

ती शांतपणे म्हणाली, "नावानं बोलावते म्हणूनच त जाते. माय मेल्यावर कोनं घेतलं होतं माहं नाव?"

मी हात सोडला आणि फाटकाला कडी घालून आलो.

जूनमध्ये पेरणीआधी ती वावरात गेली. मी मागे धावलो. उघड्या काळ्या जमिनीत मधोमध उभी होती, माझ्याकडे पाठ. कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती, हसत होती, लग्न झालं त्या वर्षी हसायची तशी. समोर कोणी नव्हतं. मी धुऱ्यावरून ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा, "सुमन!"

तिने वळून पाहिलं. नजर माझ्यावरून फिरून गेली. मग पुन्हा समोर तोंड करून म्हणाली, "कोनीतरी बोलावून राह्यलं वाटते."

मी जाऊन मनगट धरलं. ती मुकाट घरी आली. चहा केला. काही विशेष घडलंय असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतंच.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील मानसिक आहे, काही म्हणतील बाहेरचं आहे. मला दोन्ही पटतं आणि दोन्हींनी काही सुटत नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज कसा आला, मला माहीत नाही. बोलावलेलं नक्की कोण आलं, तेही माहीत नाही. ती कथा मी फेब्रुवारीतच इथे टाकली होती, आता काढून टाकली आहे, ज्यांनी सेव्ह केली असेल त्यांनीही काढा, एवढी विनंती.

आता दुकान बहुतेक बंदच असतं. मी घरी, तिच्यापासून चार हातांवर बसतो आणि दिवसभर तिचं नाव घेत राहतो. सुमन, सुमन, सुमन... म्हणजे मध्ये दुसऱ्या कोणाला हाक मारायला जागाच राहू नये. रफिकभाई म्हणतो, भाऊ, घसा बसन तुमचा. बसलाच आहे. सुमन काही म्हणत नाही. तिला आता ऐकूच जात नाही.