नजर शेंड्यावर

"खाली बघितलं की काठी सोडायची," आप्पा म्हणायचे, आणि म्हणताना हनुवटी अशी वर उचलायचे की समोरचाही नकळत आभाळाकडे बघायचा.

आता ते अक्कलकोटला लेकीकडे राहायला गेलेत. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची दुधाची डेअरी होती. वर्षभर दूध, दही, चक्का विकायचे, पण जीव सगळा संक्रांतीच्या गड्डा जत्रेत. नंदीध्वजाची उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यावर एकट्यानं पेलून चालायचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. तुम्हीही गर्दीत उभं राहून तो डुलणारा शेंडा पाहिला असेल. पेलणाऱ्याच्या पायांकडे कोण बघतो?

एके दिवशी आप्पा देवळातून एकाच चपलेवर घरी आले. दुसरी वाटेत कुठंतरी गळून पडली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. "आप्पा, ताक चढलं की काय!" आम्ही पोट धरून हसलो, तेही हसले. पण पुढं ते पायरी उतरताना पायांकडे बघायला लागले, तेव्हा माझं हसू जिरलं. पायांना मुंग्या येतात, तळव्याखाली कापूस पसरल्यासारखं वाटतं, म्हणाले.

रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व्ह पार तळाला गेलेलं. गल्लीनं लगेच उपचार सुरू केले. "दूध प्या की आप्पा!" हा सल्ला दूधवाल्याला! भाजीवाल्या मावशींनी तर "लपून एखादं अंडं..." असंही म्हणून पाहिलं.

"बायको मला आन् अंड्याला, दोगांनाबी रस्त्यावर काढंल," आप्पा म्हणाले.

मोठ्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टरबाईंनी त्यांना पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं. आप्पांनी डोळे मिटले आणि कललेच. बाईंनी पटकन दंड धरला. जत्रेत काठी पेलणारा हा माणूस नुसता उभा राहू शकला नाही, हे बघून मला भीती वाटली.

"दुधातलं बी-ट्वेल्व्ह एकटं रक्तात जात नाही, आप्पा," बाई म्हणाल्या. "जठरात त्याचा एक वाहक तयार होतो. तो त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटाला नेतो, मग ते रक्तात उतरतं. तुमच्या जठरात तो वाहकच बनत नाही."

"म्हंजे काठी हाय, मानकरीच न्हाय."

"अगदी. म्हणून आता सुईनं द्यायचं, कायमचं. त्याच्यावाचून नसांवरचं आवरण झिजतं, तळव्याचा निरोप मेंदूला पोचत नाही. झिजलेलं किती भरून येईल, ते मात्र सांगता येत नाही."

"जत्रेला मी काठी धरनार."

"आप्पा, इतक्यात..."

"धरनार की."

एकही सुई त्यांनी चुकवली नाही. जत्रेआधीच्या सरावात काठी त्यांच्या पट्ट्यात बसली, ते चालू लागले, आणि वळणावर त्यांची नजर क्षणभर खाली गेली. मला दिसलं. आप्पा थांबले.

"घे रे," ते पुतण्याला म्हणाले. "मी खाली बघितलं."

"कुणाच्या लक्षात आलं नाही, आप्पा," मी कुजबुजलो.

"माज्या आलं की, मास्तर. औंदा न्हाय. फुडच्या वर्षी."

मग रोज पहाटे हनुवटी वर करून आप्पा गल्लीत चालू लागले. आधी माझ्या खांद्यावर हात, मग नुसती बोटं, मग तीही नाहीत. एकदा दुधाच्या कॅनवर आपटले, गुडघा फुटला, कॅनला कानडीत शिव्या दिल्या आणि परत सुरुवातीपासून चालले. मी "खड्डा!" म्हणून ओरडलो तर चिडायचे.

"सांगू नका मास्तर. पायाला कळू दे."

पुढच्या संक्रांतीला आप्पा पांढऱ्या बाराबंदीत उभे राहिले. काठी पट्ट्यात बसली, "हर्र बोला हर्र" झालं. त्यांची हनुवटी वर गेली. अख्ख्या सोलापूरची नजर शेंड्यावर होती. मी एकटा खाली, त्यांच्या पायांकडे बघत होतो. डावा पाय जरा चाचपडला, टेकला, जमीन ओळखली, आणि उजवा पुढं पडला.