बुडाशी लावलेलं कुंकू

बाळाच्या तेलाचा माझा ब्रँड म्हणजे नाव माझं आणि तेल दुसऱ्याच्या कारखान्यातलं. लेबलावर काय काय हवं ते तिथली केमिस्ट मुलगी मला शिकवायची: घटक, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं. या सगळ्याला जागा करता करता तिनं बाळाचं चित्र पार बोटाएवढं केलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. बाटलीच्या बुडाशी छापलेल्या बॅच नंबरावर तर तिचा फारच जीव. "ताई, तेवढा जपा," म्हणाली. मी म्हटलं, बुडाखाली बघतंय कोण?

माल मंगळवार पेठेत घरी आला. पहिल्या पाच नगांना हळदीकुंकू लावल्याशिवाय माल बाहेर काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. पुढं लावलं तर लेबल खराब होईल, म्हणून मी शहाणीनं बाटल्या उलट्या केल्या आणि तेलात कालवलेलं कुंकू बुडाशी ओढलं.

पंधरा दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. मालातल्या दोन बॅचपैकी एकीत चुकून मोठ्यांच्या तेलातला सुगंध पडला होता. तान्ह्या बाळाला त्यानं पुरळ, फोड, काहीही येऊ शकत होतं. मी गिऱ्हाइकांना फोन लावत सुटले. एकेकीनं बाटली उलटी करून आकडे वाचून दाखवले आणि दुपारपर्यंत पार आजऱ्यापर्यंतच्या बाटल्यांचा पत्ता लागला. कुठल्या घरातली, कुठल्या बाळापाशी असलेली बाटली वाईट, हे त्या मुंगीएवढ्या आकड्यांना ठाऊक होतं. मी थक्क होऊन बसले.

कुंकवाच्या पाचांपैकी चार अजून माझ्या घरातच होत्या. राहिली एक, शिरोळच्या बाळंतिणीची. "काकू, हितं नुसतं कुंकू हाय," ती म्हणाली. "पुसलं तर आकडं बी गेलं की." बाळ बारा दिवसांचं होतं. तेल मालिशवाल्या मावशी लावतात, कुठलं ते त्यांनाच ठाऊक, असंही म्हणाली. मी फोन ठेवला. तशीच गाडी काढली.

गेल्या गेल्या बाळाचं अंग बघितलं. नितळ होतं. मावशींना शेजारून बोलावून आणलं.

"तुझं तेल लावलंच न्हाय," त्या म्हणाल्या. "खोबरेल लावतो मी. मला वाचाय येत न्हाय, पण बाटलीच्या बुडाला आकडं असत्यात एवढं कळतंय. आकडं नसलेलं तेल लेकराला लावत न्हाय मी."

मी झाकण उघडून हुंगलं. उग्र वास नाकात शिरला. बाटली त्या बॅचमधलीच होती. लेबलाचे सगळे नियम शिकून आलेली मी, आणि जिला अक्षर येत नाही तिनं ते बाळ राखलं होतं. मी वाकले आणि त्यांच्या पायाला हात लावला.

मावशींनी पाय मागे घेतले. "माझ्या पाया कशाला पडतीस," म्हणाल्या. "कुंकू कपाळाला लावत जा की."