शिफ्टप्रमाणे भरणारी शाळा

टेम्पोत सगळ्यात शेवटी फळा चढवला. खरं तर तो नेण्यासारखा नव्हता, एका कोपऱ्यातून फुगला होता. पण शिरूरच्या ज्या खासगी शाळेत मी शिकवत होते, तिथून निघताना मोठ्या बाईंनी तो मला देऊन टाकला होता, आणि फुकट मिळालेली वस्तू सोडायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. ड्रायव्हरने तो गाद्यांवर आडवा घातला, वर माझ्या धाकट्या मुलाची, अयानची, तीनचाकी बांधली. अर्धी गल्ली बघायला जमली होती. अम्मी दाराच्या चौकटीला टेकून रडत होती. अब्बा टेम्पोच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा ओढून बघत होते, म्हणजे त्यांनाही रडायचं होतं. "पहुंचे की फोन करना," अम्मी म्हणाली. सगळ्यांना वाटलं, आता मीही रडणार. मी ड्रायव्हरला विचारलं, न्हावऱ्यावरून जाणार की काष्टीवरून.

मला तेव्हा काहीच वाटलं नाही. हे आज लिहिते, कारण तेव्हापासून तुम्हा गल्लीतल्या सगळ्यांपैकी कुणी ना कुणी फोनवर विचारत आलंय, "तिकडे करमतं का गं?" आणि मी "हो, करमतं की" म्हणत आलेय. करमत होतं असंही नाही आणि करमत नव्हतं असंही नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो, तसं काहीतरी. फोनवर हे सांगायला गेलं तर तुम्ही डॉक्टरचा नंबर पाठवला असता.

आपल्या गल्लीतल्या काही जणी लग्न होऊन मालेगावला गेल्या, एक दुबईला आहे, दोघी पुण्यात कोंढव्याला. तुम्ही गाव सोडल्याबद्दल बोलता तेव्हा मला जरा ओशाळायला होतं. मी गेले कुठे, तर दौंड तालुक्यात. सकाळी निघालं तर जेवायला शिरूरला पोहोचता येतं. जिल्हा तोच, कलेक्टर तोच, नदीसुद्धा शेवटी भीमेलाच मिळते. तरी सांगते, एवढ्याशा अंतरातही माणूस पुरता निघून जाऊ शकतो.

नवरा माझा, आसिफ, कुरकुंभला एका कंपनीत ऑपरेटर आहे. आधी तो एकटाच तिकडे खोली करून राहायचा आणि वीकली ऑफला शिरूरला यायचा. एकदा असाच आला. आमची महेक तेव्हा बालवाडीत. तिने शहाण्यासारखा पाण्याचा पेला आणून दिला आणि विचारलं, "तुम्ही जेवून जाणार का?" पाहुण्यांना असं विचारायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. आसिफ हसला. जेवला. आणि परतीच्या एसटीत बसल्यावर त्याने फोन केला, "आपण सगळेच इकडे राहू." आमच्या घरातली बोली वेगळी आहे, हे तुम्हाला माहीतच आहे; लिहिताना मी मराठीत लिहिते, कारण शिकवलंही कायम मराठीतच.

कुरकुंभच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला, आप्पांची वस्ती आहे. आप्पा म्हणजे आमचे घरमालक. ऊस, चार गाई, पूर्वी सोसायटीचे संचालक, आणि निवडणूक आली की अजूनही त्यांच्या ओट्यापुढे गाड्या उभ्या राहतात. मुलं त्यांची पुण्यात. शेतातल्या दोन रिकाम्या खोल्या त्यांनी आम्हाला भाड्याने दिल्या. आसिफने नाव सांगितलं तेव्हा ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "हिरीचं पानी ग्वाड हाय. फकस्त पोरांना काठाला जाऊ द्यू नका." झालं, एवढ्यावर आमचा करार पक्का झाला.

आता शाळेचं सांगते, कारण तुम्ही सगळ्यांनी मला मूर्खात काढलं होतं ते त्यावरूनच. वस्तीपासून कालव्याच्या रस्त्याने पुढे गेलं की चौथीपर्यंतची सरकारी शाळा आहे. चांगली आहे. पण आम्ही इतका खटाटोप केला होता तो मुलांना त्यांचा बाप दिसावा म्हणून, आणि शाळेची वेळ कंपनीच्या वेळेशी जमेना. सेकंड शिफ्ट, म्हणजे दुपार ते रात्र, असली की मुलं शाळेतून यायच्या आत हा घराबाहेर, आणि हा परत येईपर्यंत मुलं झोपलेली. आठवडा आठवडा तोंड दिसलं नसतं. मग मी म्हटलं, मी मास्तरीण आहे, फळा घरात आहे, मुलं घरात आहेत. शाळा आपल्या वेळेला भरवू.

तशी ती भरू लागली. आसिफला फर्स्ट असली की आमची शाळा संध्याकाळी, तो आल्यावर. सेकंड असली की सकाळी. नाईट असली की दुपारनंतर, तो उठून चहा प्यायला की. गुरुवारी त्याचा ऑफ, म्हणून गुरुवारी सुट्टी. रविवारी कंपनी चालू, म्हणून आमची शाळाही चालू. कंपनीत एका शिफ्टचा माणूस दुसऱ्याला काम सोपवून जातो, तसा आम्ही दोघं एकमेकांना हँडओव्हर द्यायचो. "महेकचा सातचा पाढा अडकलाय, अयानने खडू खाल्लाय." मापं शिकवायला तो लिटरचे डबे आणायचा. आप्पांचं दूध डेअरीवर घालायला मुलं जायची, तिथे त्यांना फॅट, काटा, दशांश सगळं कळलं. महेकला वार नीट सांगता येत नसत, पण कोणत्या आठवड्यात बाबा कुठल्या शिफ्टला हे ती झोपेतही सांगायची. मला ते गमतीचं वाटायचं.

आप्पांना गमतीचं वाटत नसे. एकदा ओसरीवर बसून त्यांनी विषय काढलाच.

"म्याडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. मंग पोरं घरात का वो कोंडली?"

"कोंडली नाहीत आप्पा. शिकवते की मी."

"शिकवता, त्ये दिसतंय. पन पोरं शाळंत नुस्तं शिकाया जात्यात व्हय?"

शिक्षिकेला असं कुणी विचारलं की तिच्याकडे दहा उत्तरं असतात. माझ्याकडेही होती. सांगायचा कंटाळा आला, इतकंच. त्या काळात मला बहुतेक गोष्टींचा असाच कंटाळा यायचा. स्वयंपाक व्हायचा, धुणं व्हायचं, शाळा भरायची आणि सुटायची, आणि ते सगळं दुसरंच कुणी करतंय आणि मी लांबून बघतेय असं वाटायचं. सकाळी रस्त्याने पोरांचा घोळका जायचा, दप्तरं पाठीवर, एकमेकांना ढकलत. महेक कुंपणाशी उभी असायची. मला वाटायचं, ट्रॅक्टर बघत असेल.

ज्या दिवसाचं मला सांगायचंय, तेव्हा आम्हाला इथे येऊन तीन वर्षं होत आली होती, आणि त्या आठवड्यात आसिफला फर्स्ट होती. म्हणजे आमची शाळा संध्याकाळी, सकाळ मोकळी. मी भाकऱ्या करत होते. महेक गोठ्यात असेल म्हणून हाक मारली, ती नव्हती. आप्पांच्या घरी नव्हती. उसाच्या बांधावर नव्हती. विहिरीत वाकून बघितलं. मग कालव्याकडे गेले. कालव्याला पाणी सुटलं होतं, काठोकाठ, मातकट, चांगलं जोरात.

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. तुम्ही म्हणाल, आईच्या काळजाचं काय झालं असेल. मी खरं सांगते, माझ्या मनात आलं की तवा गॅसवर तसाच आहे आणि भाकरी करपली असेल. दुसरं काहीही मनात आलं नाही. अयान माझा हात ओढत होता, "अम्मी, दीदी?" आणि मी पाण्याकडे बघत होते. त्या क्षणी मला स्वतःची भीती वाटली, पाण्याची नाही. जिला इथेही काही वाटत नाही, ती बाई कोण आहे, असं.

मग आप्पांची मोटरसायकल आली. पुढे टाकीवर महेक बसलेली. अंगात शिरूरच्या बालवाडीचा गणवेश, आता आखूड झालेला, बाह्या काखेत रुतलेल्या. पाठीला आसिफची कंपनीत न्यायची बॅग, हातात डबा.

"शाळंच्या व्हरांड्यात बसली व्हती," आप्पा म्हणाले. "एकलीच. दाराला कुलूप. म्या इचारलं, हितं काय करतीस गं? तर म्हनती, मी लवकर आले. म्या म्हनलं, आगं, आज आयतवार हाय. तर मलाच इचारती, मग?"

ते हसले नाहीत. मीही नाही. आमच्या घरात रविवारी शाळा असते. तिचं काय चुकलं होतं?

आप्पा गाडी वळवून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "रागं भरू नका तिला." मी महेकला तिथेच, रस्त्याच्या कडेला विचारलं, न सांगता का गेलीस. ती डब्याच्या झाकणाशी चाळा करत म्हणाली, "बाबांना फर्स्ट आहे ना. तिथली शाळा सुटल्यावर मी तुझी शाळा पण करणार होते. तुला कळलं नसतं."

माझं मन दुखू नये म्हणून पोरीने दोन्ही शाळांचा हिशेब बसवला होता. शिफ्ट बघून. मी तिला जवळ घेतलं. जवळ घ्यायचं असतं म्हणून घेतलं, तेव्हाही आतून काही हललं नाही. पण तिच्या अंगाला शाळेच्या व्हरांड्यातल्या धुळीचा वास होता, आणि तो वास मला चांगलाच ओळखीचा होता.

आसिफ आल्यावर त्याला सांगितलं. त्याने बूट काढले नाहीत, तसाच उंबऱ्यात बसला. मला माहीत होतं तो काय विचारणार. त्याने विचारलंही, "सेकंडच्या आठवड्यात मला कधी दिसेल मग?" मी म्हटलं, नाही दिसणार. एवढंच खरं होतं, त्याला गोड करून सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने एक एक करून बूट काढले. मग म्हणाला, "उपाशीतापाशी कुलूपबंद दाराशी बसली होती. जाऊ दे तिला."

उपाशी नव्हती. डबा नेला होता आणि अर्धा संपवलाही होता. पण बापाला उपाशीच दिसली, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

सोमवारी मी तिला घेऊन गेले. शाळेतल्या बाई माझ्यापेक्षा लहान, गोड मुलगी आहे. तिने महेकला वाचायला दिलं, गणितं घातली, आणि तिसरीत बसवून घेतलं. मी वर्गाच्या दारात उभी. इतकी वर्षं मी आतून दाराकडे बघितलं होतं, दारात घोटाळणाऱ्या आयांना "जा आता, रडणार नाही तो" असं सांगून वाटेला लावलं होतं. बाई माझ्याकडे बघून हसली आणि तेच म्हणाली. मी परत फिरले.

आता घरची शाळा अयानपुरती उरली आहे, तीही पुढच्या वर्षापर्यंत. नाईटच्या आठवड्यात आसिफ आतल्या खोलीत झोपलेला असतो, आम्ही दोघं ओसरीत कुजबुजत अक्षरं गिरवतो. सेकंडच्या आठवड्यात तो रात्री उशिरा येतो, तरी सकाळी डोळे चोळत उठतो, महेकला गाडीवरून शाळेत सोडतो आणि परत येऊन पुन्हा झोपतो. रस्त्यात दोघं काय बोलतात हे मला सांगत नाहीत. आप्पांनी तिला एक छत्री घेऊन दिली. "शाळंतल्या पोरीला छत्री लागती," म्हणाले, जसं काही घरातल्या पोरीला लागत नाही.

परवा मी भाजी निवडत होते. महेक शाळेतून आली, हातपाय न धुता शेजारी बसली आणि म्हणाली, "आज शाळा तपासायला नवे साहेब आले होते. त्यांनी सगळ्यांना उभं करून नाव-गाव विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं, खरं तर सवयीने. उत्तर मला ठाऊक होतं. दुकानात, डेअरीवर, दवाखान्यात, कुणीही गाव विचारलं की मी शिरूर सांगते. मुलांना विचारलं तरी त्यांच्या आधी मीच सांगते.

"आप्पांची वस्ती," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, ते राहायचं झालं, मूळ गाव कोणतं? मी म्हटलं, तेच."

आणि ती उठून हातपाय धुवायला गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या हातात मेथीची जुडी तशीच. मला लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट, जिथे लागायला हवं तिथे लागलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी ते पुसलं नाही. अम्मी, तुझ्या दारात जे रडायचं राहिलं होतं ते मी परवा इथे रडले. फोन केला नाही, कारण तू घाबरली असतीस.

शिरूर माझं आहे, माझंच राहील. पण ते मी माझ्या पोरीला देऊ शकले नाही, आणि तिला ते नकोही होतं. तिच्याकडे तिचं होतं. मला वाटत होतं, मी तिला परमुलखात घेऊन आले. ती तर कधीच कुठे गेली नव्हती. घर सोडून आले होते ती मी एकटीच.

आता कुणी विचारलं तर गाव मी शिरूरच सांगते. आणि राहायला कुठे, असं विचारलं तर म्हणते, लेकीच्या गावी.