माझ्या अक्षरातलं कार्ड

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सत्कार समारंभांवर तर त्याहून कमी. तरी हे लिहितोय. कारण सत्तरच्या दशकात सोलापुरात घडलेल्या या गोष्टीत भूत कुठंच नाही... आणि तीच अडचण आहे.

मी पोलिसांच्या रेकॉर्ड शाखेत कारकून होतो. फरारी आरोपींची माहिती रजिस्टरमधून कार्डांवर उतरवायची, खाली सही ठोकायची. त्यानंतर रजिस्टर कुणी उघडत नसे. कार्ड म्हणेल ते खरं.

चाळीत शेजारच्या खोलीत सिद्राम राहायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत गुंड्या लावणारा माणूस. वैरागच्या विमलला आधी मी बघायला गेलो होतो. मला नकार आला आणि चार महिन्यांनी सिद्रामला होकार. वर हा नायब तहसीलदाराची परीक्षाही पास झाला! चाळीनं सत्काराला मांडव घातला. शाल, नारळ, तीन वक्ते. मी मागच्या खुर्चीवर बसून काटकसरीनं टाळ्या वाजवत होतो.

दुसरं भाषण रंगात आलेलं असताना दोन हवालदार थेट व्यासपीठावर चढले.

"चला की साहेब. लई लोकं बघायलेत, हितं तमाशा नको."

नेमणुकीआधीच्या चारित्र्य पडताळणीत सिद्रामच्या नावाचं कार्ड निघालं होतं — होटगी रेल्वे स्टेशनातल्या मालचोरीतला फरारी! खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. दुसऱ्या क्षणीही.

सकाळी विमल ऑफिसात आली. "भाऊजी, सोमवारी हजर न्हाय झाले तर नेमणूक जाती म्हणं. तुमी बघा की कायतरी."

मी फौजदारांकडं गेलो. "कार्डावर हाय म्हंजी हाय," ते म्हणाले आणि कार्ड माझ्यापुढं टाकलं.

अक्षर माझं. सही माझी. सिद्रामचं नाव, त्याच्या वडलांचं नाव, आमच्या चाळीचा पत्ता. ओळखखूण : डाव्या खांद्यामागं भाजल्याचा डाग. त्यांनी सिद्रामचा सदरा उतरवून पाहिला होता. डाग होता.

मी रजिस्टर उघडलं. त्या क्रमांकावर जेऊरचा भलताच इसम, उजव्या पायाला सहा बोटं. सिद्रामचं नाव अख्ख्या रजिस्टरात नाही. मग कार्डावरची तारीख पाहिली... त्या दिवशी मी रजेवर होतो. वैरागला, सिद्रामच्याच लग्नात, पंगतीला जिलबी वाढत होतो. हजेरीपटही तेच सांगत होता.

पण हे बोललो असतो तर चौकशी लागली असती आणि सोमवार हातचा गेला असता. मी रजिस्टर फौजदारांपुढं ठेवलं आणि लिहून दिलं : "नक्कल करताना माझ्याकडून चूक झाली." संध्याकाळी सिद्राम सुटला. माझी बदली गणवेशाच्या गोदामात झाली.

गेटपाशी सिद्रामनं माझे हात धरले. तो पुढं गेल्यावर विमल हळूच म्हणाली, "भाऊजी, कार्डावर लिवलेला तो डाग मलासुदिक लग्नानंतर दिसला. तुमाला कसा ठावूक?"

मला ठाऊक नव्हता. आजही याचा उलगडा झालेला नाही. हेवाही गेलेला नाही. पुढं सिद्राम तहसीलदार झाल्याचं कळलं, तेव्हा मी दोन दिवसांची रजा टाकली, घरातली सगळी पेनं ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिलो.